उजेडातली पिवळी रेघ

ती पेटी अकोल्याच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपात आली, त्या दिवशी देवमननं मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. हा निश्चय दुपारच्या चहापर्यंत टिकला. चहाचा कप घेऊन तो पेटीपाशी जो उभा राहिला, तो कपातल्या चहावर साय धरली तरी जागचा हलला नाही.

देवमन म्हणजे उत्तमरावांच्या वर्कशॉपातला सगळ्यात जुना माणूस. वय चोपन्न, त्यातली तीस वर्षं वेल्डिंगमध्ये गेलेली. मूर्तिजापूरहून रोज सकाळच्या गाडीनं यायचा आणि मालकाच्या आधी हजर असायचा. कुठलं यंत्र कधी कुरकुरतं, कुठल्या गिऱ्हाइकाला किती ताटकळत ठेवता येतं, सगळं त्याला पाठ. गोड्या पाण्याच्या टाकीची किल्लीसुद्धा उत्तमरावांकडे नव्हती, देवमनच्या कमरेला होती. माणूस सरळ, पण शब्द खाली पडू देणारा नव्हे. आपण चुकू शकतो ही शक्यता त्यानं कधी नाकारली नव्हती. तिचा विचारच केला नव्हता.

हे वर्कशॉप म्हणजे झिजलेल्या लोखंडाचा दवाखाना. तेलमिलमधले, दालमिलमधले, जिनिंगमधले घासून घासून बारीक झालेले शाफ्ट इथे येतात. पूर्वी असा शाफ्ट वेल्डिंगनं भरावा लागे आणि वेल्डिंगच्या धगीनं तो हमखास वाकडा होई. तीन वर्षांपूर्वी उत्तमरावांनी लेझरचं मशीन आणलं. शाफ्ट हळूहळू फिरत राहतो, लेझरचा झोत त्याच्यावर मुगाच्या दाण्याएवढं लोखंड वितळवतो आणि त्याच क्षणी नळीतून गॅसबरोबर धातूची बारीक पावडर त्या थेंबात येऊन पडते. थेंब थिजतो, त्याच्या शेजारी पुढचा पडतो, आणि असा वेढ्यावर वेढा देत शाफ्टवर नवा थर चढतो. हे शिकायला देवमनला पंधरा दिवस पुण्याला पाठवलं होतं. तिथल्या पोरांनी जाताना आपल्यालाच चार गोष्टी विचारल्या, असं तो आल्यावर सांगत होता. खरंखोटं पुण्यालाच माहीत.

होळीनंतर मात्र या दवाखान्यातले रोगी परत यायला लागले. थर वरून गुळगुळीत, पण लेथवर जरासा सोलला की आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. एकाच तेलमिलचे तीन शाफ्ट परत आले, आणि तिन्ही माधवीच्या पाळीतले होते.

माधवी ही मशीनवरची दुसरी ऑपरेटर. अमरावतीच्या राजापेठेतली, आयटीआय केलेली, तिशीतली बाई. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून दुसरीतल्या मुलीला घेऊन अकोल्यात खोली करून राहत होती. लेझर चालवणारी बाई आपल्या भागात दुसरी नाही, असं उत्तमराव पाहुण्यांना कौतुकानं सांगत. तीन शाफ्ट परत आले तसं ते कौतुक आटलं. त्यांनी देवमनला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुले काय वाटते?"

"बाई घाई करते," देवमन म्हणाला आणि जेवायला निघून गेला.

तेवढ्यावर ठरलं. मेअखेरपर्यंत दोष सापडला नाही तर माधवीला मशीनवरून काढायचं. दुसरं काम तिच्यासाठी नव्हतं, म्हणजे घरीच पाठवायचं. तिला हे सांगितलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली आणि कामाला लागली.

आता ती पेटी. ती आणली होती अनुपमा मॅडमनी. अमरावतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या जवळ आलेल्या, केस आखूड कापलेल्या. लेझरनं थर चढताना जो उजेड पडतो, त्या उजेडावरून थर चांगला की वाईट हे तिथल्या तिथे सांगता येईल का, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यासाठी खरं काम चालणारं वर्कशॉप हवं होतं. उत्तमरावांना छिद्रांचं कारण हवं होतं. दोघांचं जमलं. मंगळवारी आणि शुक्रवारी मॅडम यायच्या.

"हे कशासाठी हाय?" देवमननं निवलेला कप बाजूला ठेवत शेवटी विचारलंच.

मॅडमनी सुतळीएवढ्या जाडीची एक काळी तार दाखवली. तिचं एक टोक लेझरच्या तोंडाशी बसवलेलं, दुसरं पेटीत गेलेलं. "ही तार तिथला उजेड इथे आणते. पेटी त्या उजेडाचे रंग वेगवेगळे करते आणि इथे पडद्यावर मांडते. मशीन चालू करा ना, दाखवते."

देवमननं मशीन चालू केलं. पडद्यावर आडवा सगळा रंगपट्टा आला, आणि त्यातून इथे तिथे उभ्या रेघा उसळल्या.

"धातू तापून त्याची वाफ झाली की तो आपापल्या ठरावीक रंगांचाच उजेड देतो," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्याचा रंग घेत नाही, आपला सोडत नाही. या तीन हिरव्या पाहा, खेटून उभ्या आहेत. हे क्रोमियम. तुमच्या पावडरमधलं."

"अन या?"

"लोखंड. त्याचं कुटुंब मोठं आहे, शेकड्यांनी रेघा."

देवमन वाकून पाहत राहिला. तीस वर्षं काळ्या काचेआडून त्यानं याच उजेडाकडे पाहिलं होतं. त्याला तो नुसता पांढरा दिसला होता, डोळे दुखवणारा. त्यात एवढं सामान भरलेलं होतं आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, याचा त्याला रागही आला आणि लहान पोरासारखा आनंदही झाला. त्या दिवशी त्यानं मॅडमना इतके प्रश्न विचारले की त्यांची शेवटची बस चुकता चुकता राहिली.

पुढच्या खेपेला माधवीची पाळी होती. तेलमिलचा एक जुना शाफ्ट मशीनवर फिरत होता. देवमनला तिथे काही काम नव्हतं, तरी तो पेटीपुढे स्टूल टाकून बसलेला.

"मॅडम, हे पिवळी कोनाची?"

हिरव्या रेघांच्या उजवीकडे एक पिवळी रेघ ताठ उभी होती.

"सोडियम. तिच्याकडे लक्ष देऊ नका. सोडियम सगळीकडे असतं, मिठात, घामात, धुळीत. जरासं असलं तरी फार दिसतं. मी तर हिशेबातून ती वगळूनच टाकते, नाहीतर बाकीच्यांना दाबते." मॅडमनी एक कळ दाबली आणि पिवळी रेघ गेली.

"पन मागच्या खेपेले माह्या जॉबले नव्हती ना."

"कमीजास्त होत असतं, देवमनभाऊ."

"काहून होते?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मॅडमना याचं उत्तर नको होतं. त्यांचा जीव क्रोमियममध्ये गुंतलेला. विद्वान माणसांचं असं होतं. ज्याचा शोध घ्यायचा ते आधीच ठरलेलं असतं, मग वाटेत आडवा आलेला माणूस नुसता अडथळा वाटतो. देवमनचं काहीच ठरलेलं नव्हतं. त्यानं मॅडमना ती कळ पुन्हा दाबायला लावली.

"एक नाई हे," तो डोळे बारीक करून म्हणाला. "दोन हायत. खेटून उभ्या हायत."

मॅडम हसल्या. "बरोबर. दोनच असतात. माझ्या विद्यार्थ्यांना हे दिसायला वर्ष लागतं."

एवढं कौतुक पुरे होतं. त्या दिवसापासून देवमननं खिशात शंभर पानी वही ठेवली. मॅडम नसतील त्या दिवशीही पेटी चालू ठेवायची परवानगी त्यांच्याकडून मागून घेतली. प्रत्येक जॉबपुढे तो लिहायचा: पिवळी नाही, पिवळी थोडी, पिवळी लय.

घरीही त्याला दुसरं सुचेना. एका संध्याकाळी केशरबाईनं गॅसवर वरण ठेवलं होतं आणि ते उतू जायला आलं. ती फडकं घेऊन धावली तर हा तिचा हात धरून उभा.

"जाऊ दे, जाऊ दे उतू!"

वरण उतू गेलं, निळा जाळ फसफसला आणि क्षणभर पिवळाधमक झाला. देवमननं टाळी वाजवली. मग डब्यातून चिमूटभर मीठ घेऊन जाळावर टाकलं. पिवळा. हळद टाकली, तर नुसता धूर. साखर टाकली, तर वास सुटला. केशरबाई कमरेवर हात ठेवून हे पाहत होती.

"ऊन लागलं काय तुमाले?"

"मीठ हाय ते, केशर! पेटीत दिसते ते मीठ हाय!"

"असन. पन शेगडी आता तुमीच पुसा."

त्यानं शेगडी पुसली. सोडियम म्हणजे मीठ हे मॅडमनी सांगितलेलं त्याच्या कानात गेलं होतं, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नसे. आता बसला. आता प्रश्न एवढाच होता की लेझरच्या जाळात मीठ टाकतंय कोण.

वीस मे उजाडेपर्यंत वही अर्धी भरली आणि तिनं उत्तर दिलं. देवमन चालवायचा ते बहुतेक नवे शाफ्ट, झिजू नयेत म्हणून आधीच कडक थर चढवायला आलेले. त्यांच्यापुढे सगळीकडे 'पिवळी नाही'. माधवीकडे जुने, तेलमिलचे. त्यांच्यापुढे ओळीनं 'पिवळी लय'. लेथवर सोलल्यावर ज्यांच्यात छिद्रं निघाली, ते सगळे पिवळीवालेच होते.

देवमन खूश झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. त्याला खरोखर आनंद झाला. आपण म्हणालो होतो तेच निघालं. मे महिन्यात अकोल्यात माणूस नुसता बसला तरी घामानं निथळतो. बाई घामेजल्या हातांनी जॉब हाताळते, मीठ लागतं, मिठापायी छिद्रं पडतात. त्यानं माधवीपुढे रबरी हातमोजे आणून टाकले.

"हे घालून काम करत जाय. तुह्या हाताचा घाम लागून राहिला जॉबले."

माधवीनं एकदा हातमोज्यांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "बरं काका," म्हणाली आणि घातले.

त्या उकाड्यात रबरी हातमोजे घालून तिनं तीन दिवस काम केलं. संध्याकाळी काढायची तेव्हा बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असायची. पिवळी रेघ तसूभरही कमी झाली नाही.

चौथ्या दिवशी देवमननं तिला बाजूला केलं आणि जुना शाफ्ट स्वतः मशीनवर घेतला. पुसला स्वतः, बांधला स्वतः, चालवला स्वतः. दोन वेढे होतात न होतात तोच पडद्यावर पिवळी उभी राहिली, नेहमीपेक्षा चांगली बोटभर उंच. माधवी मागे उभी होती. तिनं रबरी हातमोजे काढून ओट्यावर ठेवले. त्याचा आनंद गेला होता. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं: आनंद गेला तरी कुतूहल गेलं नव्हतं. उलट आता त्याला भात गोड लागेना.

एकोणतीस तारखेला, शुक्रवारी, मॅडम आल्या. माधवी मुलीच्या शाळेत उशिरा लागलेला निकाल घ्यायला म्हणून अर्धा दिवस रजेवर गेली होती. देवमननं एका नव्या सळईचे वीतभर तुकडे आधीच कापून ठेवले होते.

"मॅडम, आज क्रोमियम ऱ्हाऊ द्या. आज मले या पिवळीचं बूड पाहाचं हाय. उद्या त्या बाईचा शेवटचा दिवस हाय."

मॅडमनी त्याच्या वहीची पानं उलटली. दोन-तीन पानांनंतर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. "हे मी वगळत होते," त्या हळूच म्हणाल्या. "चला. एकेक करून बघू."

पहिला तुकडा फक्त अ‍ॅसिटोननं पुसला. पिवळी नाही. दुसऱ्यावर देवमननं आपला घामट तळवा दाबला. पिवळी आली, पण पाव वेढ्यात विरून गेली. तिसऱ्याला पावडरचा नवा डबा फोडला. काही नाही. गॅसची टाकी बदलली. काही नाही.

"जुन्या शाफ्टवर तुम्ही आणखी काय काय करता?" मॅडमनी विचारलं. "अगदी पहिल्यापासून सांगा."

"आधी खरवडतो. मंग केरोसीननं तेल काढतो. मंग धुतो, मंग कोरडा करून अ‍ॅसिटोननं पुसतो. नव्या शाफ्टले तेल नसते, त्याले धुवा लागत नाई."

"धुता कशानं?"

"पान्यानं."

"कुठल्या?"

"बोअरच्या. आता गोड्या पान्यानं काय लोखंड धु..." एवढं म्हणून देवमन थांबला.

बाहेरच्या वाचकाला यात थांबण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. पूर्णा नदीच्या या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. इथे जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुणा ते प्यायला तर दुसऱ्या घोटाला पेला खाली ठेवतो. देवमन अशाच गावात वाढला. त्याच्या लहानपणी दोन कोस लांबून आणलेल्या गोड्या पाण्याची घागर घरात देवासारखी जपली जायची. त्यातलं एक फुलपात्र कुणी पाय धुवायला घेतलं तर मार मिळायचा. गोडं पाणी माणसासाठी, बाकी सगळ्याला खारं. या पट्ट्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आणि त्यात चूक असू शकते हे सांगूनही त्याला पटत नाही.

अमरावतीच्या माधवीला मात्र हे कुणी शिकवलं नव्हतं. हिवाळाभर ती जुने शाफ्ट गोड्या पाण्याच्या पाइपनं धूत होती. होळीच्या दुसऱ्या दिवशी देवमननं ते पाहिलं आणि सगळ्या वर्कशॉपादेखत तिला फाडून खाल्लं. "अमरावतीवाल्यायले नळ दिसला का सोडाच वाटते! हे पानी मान्सायच्या नरड्यासाठी हाय, लोखंडासाठी नाई. लाज वाटू दे जराशी!" लोक हसले होते. माधवीनं पाइप गुंडाळून ठेवला होता. त्याच दिवशी टाकीला कुलूप लागलं.

"देवमनभाऊ?" मॅडमनी हाक मारली.

"बोअरचं पानी आनतो," तो म्हणाला.

चौथा तुकडा त्यानं बोअरच्या पाण्यात बुडवला, वाळवला आणि अ‍ॅसिटोननं चांगला घासून पुसला. आपला आवाज साधा राहावा म्हणून त्यानं विचारलं, "अ‍ॅसिटोननं जाते ना पन मीठ?"

"अ‍ॅसिटोननं तेल जातं. मीठ त्यात विरघळतच नाही."

पिवळी रेघ पडद्याच्या वरच्या काठाला जाऊन टेकली. मग त्यांनी एका भंगारातल्या जुन्या शाफ्टचा तुकडा घेतला, ज्याच्या अंगावर झिजून खड्डे पडले होते. अर्धा भाग खाऱ्या पाण्यानं धुतला, अर्धा गोड्या. खाऱ्या भागावर पिवळी वेढ्यामागून वेढे हटेना. खड्ड्याखड्ड्यांत मीठ आणि ओल जाऊन बसली होती. गोड्या भागावर लेझर आला आणि रेघ खाली बसली. थर सोलून मॅडमनी त्यावर छिद्रं दाखवणारा लाल रंग लावला आणि पुसला. अर्ध्या भागावर गोवर उठल्यासारखे लाल ठिपके आले. उरलेला अर्धा स्वच्छ होता.

मॅडमनी तो तुकडा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला.

"सापडलं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि का नसावा? "तुम्हाला सापडलं, देवमनभाऊ. माझ्या अहवालात मी लिहीन, धुण्याच्या पाण्यातल्या क्षारांमुळे. तुमचं नाव शोधणारा म्हणून घालीन."

"अन पानी बदलवलं कोनं ते?"

मॅडमना होळीची गोष्ट माहीत नव्हती. "ते कशाला? माझा अहवाल उजेडाचा आहे, माणसांचा नाही."

देवमनला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची शरमही वाटली. कुणाला काही कळणार नव्हतं. पाणी खारं निघालं, बस. पाण्याला नावं ठेवायला इथे कुणाची ना नाही. तो तुकडा फडक्यात गुंडाळून तो केबिनमध्ये गेला.

उत्तमरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले. "पानी! म्हंजे कोनाचीच चूक नाई. टेन्शन खतम. सोमवारपासून गोडं पानी वापरा."

"मंग माधवीबाई राहील ना?"

उत्तमराव थोडे चुळबुळले. "त्याचं असं झालं, देवमन. मिलवाल्यायले मी सांगून बसलो का बाईची चूक होती, तिले काढून राहिलो. ते म्हने मंग ठीक हाय, पुढचे शाफ्ट पाठवतो. आता तिले ठेवली तर मी खोटा पडतो. शिकली सवरली हाय, तिले दुसरीकडं भेटते काम. तू नको डोकं लावू."

"मी सांगतलं होतं तुमाले, बाई घाई करते."

"हो, म्हनूनच तं..."

"खोटं होतं ते. ते गोड्या पान्यानंच धुत होती, तवा एकबी छिद्र नव्हतं. मी बंद करवलं. सगळ्याईसमोर बेइज्जत करून बंद करवलं."

"अरे पन तुले काय माहीत होतं?"

"तिले तरी काय माहीत होतं? तिले तुमी काढून राहिले."

उत्तमरावांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "हे पाय, मिलवाले तुह्या नावावर काम देतात. तुहीच चूक म्हनलं तर उद्या लोक काय म्हनतीन? गप ऱ्हाय. माह्यं ऐक."

तो दाराकडे वळला. उत्तमरावांना वाटलं ऐकलं. देवमननं खिशातून मोबाइल काढला, मिलच्या मॅनेजरचा नंबर लावला आणि उभ्या उभ्याच बोलला.

"नमस्कार. मी देवमन बोलून राहिलो, वर्कशॉपातून. तुमचे तीन शाफ्ट खराब झाले ना, ते माह्या चुकीनं झाले. मी खाऱ्या पान्यानं धुवाले लावले. बाईची चूक नव्हती. हो. नाई नाई, शेठनं नाई सांगतलं बोलाले, मीच बोलून राहिलो. नवे थर चढवून देतो आमी. हो, बाईच चढवीन."

त्यानं फोन बंद केला. उत्तमराव त्याच्याकडे पाहत राहिले. रागावावं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "जाय बाबा आता. तूच सांग तिले."

हे सोपं असेल असं देवमनला वाटलं होतं. मालकाशी बोलणं अवघड, मिलवाल्याशी अवघड, बाईला तर चांगलीच बातमी द्यायची होती. दुपारी माधवी निकाल घेऊन परत आली, मुलगी वर्गात दुसरी आली म्हणून सगळ्यांना पेढा दिला, देवमनलाही दिला. पेढा हातात धरून तो म्हणाला, "तू कुठी जाऊन नाई राहिली. छिद्रं पान्यामुळं पडत होती. बोअरच्या."

माधवीच्या चेहऱ्यावर सगळं एकदम आलं नाही. ती खाली मशीनच्या ओट्यावर बसली.

"बोअरच्या पान्यामुळं," ती म्हणाली.

"हो. शेठनं तुले विचारलं होतं ना, होळीपासून काय बदललं म्हनून. तू काहून नाई सांगतलं का मी पानी बदलवलं? माह्यं नाव घ्याचं होतं."

तिनं त्याच्याकडे खरोखर न कळल्यासारखं पाहिलं. "माह्या मनातच नाई आलं ते. तुमी सांगतलं म्हंजे बराबरच असन, असं धरून चालली मी. बाकी सगळं तपासलं. पावडर तपासली, गॅस तपासला. मंग वाटलं, माह्या हातातच काही खोट हाय. रोज सकाळी उठून हात पाहत होती मी माह्ये, काका. हातमोजे दिले तुमी, तवा तं पक्कंच वाटलं."

तीस वर्षांत देवमननं हाताखालच्या कुणाची माफी मागितली नव्हती. घरी केशरबाईचीही नाही. शब्द कसा उच्चारतात हे जणू त्याला आठवावं लागलं.

"माफ कर बाई," तो म्हणाला. सगळ्या वर्कशॉपाला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं म्हणाला. "माह्यं चुकलं."

माधवीनं डोळे पुसले. उठली. परत येऊन कोपऱ्यात पडलेल्या तीन शाफ्टांपैकी एकापाशी जाऊन उभी राहिली आणि पदर खोचला.

"माफीचं मंग पाहू," ती म्हणाली. "आधी हा धुवा लागते. किल्ली द्या."

देवमननं पेढा तोंडात टाकला आणि कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात दिली. मग शाफ्टचं दुसरं टोक उचलायला तो वाकला.